सटवाईचा कागद

गेल्या महिन्यात टीममधल्या एकाला मुलगी झाली. पेढे आले, फोटो आले आणि मग लंचच्या टेबलावर हॉस्पिटलने दिलेलं एक गुळगुळीत ब्रोशर आलं. बाळाच्या टाचेतून दोन-चार थेंब रक्त घ्यायचं आणि पन्नासहून जास्त जन्मजात आजारांची तपासणी करायची. किंमत काही हजार रुपये. "घेऊ का रे, की कापतायत?" असं त्याने विचारलं आणि टेबलावर लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, लेकीपेक्षा पैसा मोठा आहे का? दुसरा म्हणाला, आपल्या वेळी कुठे होतं हे सगळं, आपण नाही का धडधाकट वाढलो?

मला दोन्ही पक्ष पटले नाहीत. त्या पन्नासातल्या एक-दोन तपासण्या पॅकेजमध्ये विकायच्या वस्तूच नव्हेत. रस्त्यावरचा दिवा जसा सगळ्यांसाठी असतो तशा त्या प्रत्येक बाळासाठी असायला हव्यात, मग ते बाळ औंधला जन्मो की मुरूमला. आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच अशा की त्यांचं उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं हे ब्रोशर सांगत नाही. पैकी पहिल्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर, कारण खरं नुकसान तिथे होतंय.

आजाराचं नाव जन्मजात हायपोथायरॉइडिझम. नाव अवघड, भानगड सोपी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पोटात असतानाच नीट तयार होत नाही, किंवा तयार होते पण हार्मोन बनवत नाही. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी 'बनव, बनव' असा निरोप पाठवत राहते. त्या निरोपाचं नाव टीएसएच. उत्तर आलं नाही की निरोपांचा भडिमार सुरू होतो. (सर्व्हर प्रतिसाद देत नाही म्हणून क्लायंट रिट्राय करत सुटतो, तसंच.) म्हणून रक्तातलं टीएसएच मोजलं की ग्रंथी झोपलेली आहे हे कळतं. उपाय म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, तीच जी तुमच्या-माझ्या आयांपैकी निम्म्या जणी रोज सकाळी उपाशीपोटी घेतात. बाळाला तिचा छोटासा भाग चुरून, आईच्या दुधाच्या चमचाभरात कालवून द्यायचा. रोजचा खर्च दोन-तीन रुपये. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात, शाळेत जातात, इंजिनिअरसुद्धा होतात :) उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान होतं ते पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. कारण मेंदूची ती वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच व्हायची असते, आणि हार्मोनशिवाय ती होत नाही.

आता यातली खरी गोम. हे बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. आईचं हार्मोन नाळेतून त्याला थोडंफार मिळालेलं असतं, त्या शिदोरीवर ते जन्माला येतं. पुढच्या काही आठवड्यांत शिदोरी संपते आणि लक्षणं हळूहळू येतात. कावीळ लवकर उतरत नाही, शी दोन-दोन दिवस होत नाही, बेंबी फुगते, दूध ओढताना बाळ दमतं. आणि ते खूप झोपतं. रडत नाही. आमच्याकडे अशा बाळाचं कौतुक होतं. "लई गुणाचं लेकरू हाय माय, रडतच नाही," असं आजी शेजारणीला अभिमानाने सांगते. रात्री-अपरात्री जागवणारं बाळ असतं तर कोणीतरी दवाखान्यात तरी नेलं असतं. गुणाच्या लेकराला कोण नेतं?

आमच्या मुरूमला, गल्लीत, नव्वदच्या दशकात असा एक मुलगा होता. सात वर्षांचा झाला तरी उंची तीन वर्षांच्या पोराएवढी, जीभ जराशी बाहेर, बोलणं चार शब्दांचं. पोरं त्याला येडं म्हणायची. घरच्यांनी काही करायचं ठेवलं नव्हतं. नळदुर्गचा खंडोबा झाला, गुलबर्ग्याचा दर्गा झाला, अंगारे-धुपारे झाले. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि गोळी लिहून दिली. सहा महिन्यांत पोराची उंची वाढायला लागली, पोट साफ व्हायला लागलं, चेहऱ्यावरची सूज गेली. आईला वाटलं आता सगळंच ठीक होणार. बोलणं मात्र त्या चार शब्दांच्या फारसं पुढे गेलं नाही. गोळी तीच होती, फक्त सात वर्षं उशिरा आली.

हा काही एखाद-दुसऱ्या घराचा दुर्मिळ योग नाही. आयसीएमआरने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता इथे मिळून एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. २०१८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. जन्मजात हायपोथायरॉइडिझमचं प्रमाण निघालं ११३० बाळांमागे १. दक्षिणेत तर सातशे-साडेसातशेत १. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत पूर्वापार तीन-चार हजारांत एक असा आकडा असायचा, त्याच्या तिप्पट. तो ११३० चा आकडा आपल्या जिल्ह्याला लावून बघू. धाराशिवची (तेव्हाच्या उस्मानाबादची) २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर. हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पंचवीस हजार बाळं. भागाकार करा. बावीस. दरवर्षी बावीस मुलं, एका जिल्ह्यात. म्हणजे बालवाडीचा एक वर्ग. महाराष्ट्राचा हिशेब केला तर दीड हजारांच्या वर जातो.

मग डॉक्टरांना हे दिसत कसं नाही? अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेले डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात की असा पेशंट आम्ही क्वचितच पाहिलाय. ते खोटं बोलत नाहीत. समजा एखाद्या ग्रामीण रुग्णालयात वर्षाला पाचशे बाळंतपणं होतात. म्हणजे असं एक बाळ सव्वादोन वर्षांतून एकदा येणार, तेही ठणठणीत दिसणारं, आणि दुसऱ्या दिवशी घरी जाणार. तीन वर्षांनी डॉक्टरची बदली. त्याच्या वाट्याला एक बाळ आलं आणि त्याने ते पाहिलंसुद्धा, पण ओळखायला काही कारणच नव्हतं. हजारात एकदा येणारा बग डेव्हलपरच्या मशीनवर कधीच दिसत नाही. तो फक्त लॉगमध्ये दिसतो, तेही सगळ्या सर्व्हरचे लॉग एकत्र केले तरच. एका दवाखान्याच्या पातळीवर हा आजार नसल्यासारखा आहे, जिल्ह्याच्या पातळीवर तो दर सतराव्या दिवशी एक आहे. म्हणून 'डॉक्टर हुशार असला की बस' हे इथे चालत नाही. हुशारी लागतच नाही, लागतो तो सरसकटपणा. सगळ्या बाळांचं रक्त, न विसरता.

सरसकटपणाची ही कल्पना रॉबर्ट गथ्री नावाच्या अमेरिकन माणसाची. हा बफेलोचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला पीकेयू नावाचा आजार होता. त्यात प्रथिनांतला एक घटक शरीरात साठत जातो आणि मेंदू खराब करतो. वेळेवर आहार बदलला तर मूल वाचतं, पण कळायचं कसं? गथ्रीने १९६० च्या सुमारास एक स्वस्त चाचणी शोधली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रक्त बाटलीत न घेता जाड टिपकागदावर थेंब म्हणून टिपायचं ठरवलं. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती तपासणी कायद्याने लागू केली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा शोध तो कागद. वाळलेला थेंब साध्या पाकिटातून पोस्टाने जातो. बर्फ नको, थंड पेटी नको, गाडी नको. प्रयोगशाळा गावात नसली तरी चालते, गावात फक्त कागद लागतो.

कागदावरून आठवलं. आपल्याकडे बाळाची पाचवी पुजतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. (पूर्वी बोरू-दौत असायची, हल्ली बॉलपेन. सटवाईनेही अपग्रेड केलंय.) थेंब घ्यायची योग्य वेळ कोणती? जन्मानंतर अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, साधारण तिसरा-चौथा दिवस. कारण जन्माच्या धक्क्याने प्रत्येकच बाळाचं टीएसएच पहिल्या दिवशी उसळतं, ते खाली बसू द्यावं लागतं. म्हणजे पाचवीच्या आत आणखी एक कोरा कागद भरून घ्यायचा. मला यात विज्ञान विरुद्ध श्रद्धा वगैरे काही दिसत नाही. घरातल्या कोणत्याही आजीला ही वेळ समजावून सांगावी लागणार नाही, एवढंच.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड भाग थेंब घेण्यात नाही, त्याच्या पुढे आहे, आणि तो आमच्या धंद्यातला आहे.

थेंब घेतला. कागदावर नाव काय लिहिणार? बाळाला नाव नसतं, ते बाराव्या दिवशी बारशाला मिळतं. म्हणून 'अमुकचं बाळ' असं आईच्या नावाने लिहितात. पण पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्याच्या रजिस्टरला तिचं माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, राशनकार्डवर सासूने लग्नात बदललेलं नाव. मोबाईल नंबर भावाचा, तो कारखान्यावर कामाला. रिपोर्ट आठव्या-दहाव्या दिवशी आला, टीएसएच वाढलेलं. आता फोन कोणाला? मुरूम कर्नाटकच्या हद्दीला लागून. इथल्या कितीतरी लेकी आळंद, गुलबर्ग्याकडे दिल्यात. सव्वा महिन्याने बाळंतीण सासरी गेली की ती दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या आशाताईच्या यादीत, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तपासणीच्या जगात याला 'रिकॉल' म्हणतात, वाढलेल्या रिपोर्टच्या बाळाला परत बोलावून पक्की चाचणी करणं. चौदा दिवसांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी आणि आपले दहा दिवस तर कागदातच गेले. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही भारी असू दे, ही शेवटची कडी तुटली की सगळं शून्य. मला विचाराल तर या कार्यक्रमाचं बजेट ठरवताना यंत्राइतकाच पैसा फोन करणाऱ्या माणसावर टाकावा.

आणि हे जमण्यासारखं आहे, कारण बरेचसे तुकडे आधीच जागेवर आहेत. गरोदरपणात नोंद झाल्यावर आईला आरसीएच नंबर मिळतो, तोच कागदावर लिहायचा, आडनावांचा घोळ मिटला. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतेच, नवजात बाळाच्या गृहभेटी तिच्या कामातच आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आईला दवाखान्यात मोफत जेवण आहे, म्हणजे निदान कागदावर तरी तिने तेवढं थांबणं धरलेलं आहे. प्रत्यक्षात घरी दुसरं लेकरू, म्हैस आणि सासरा वाट बघत असतो, म्हणून बाई दुसऱ्या दिवशी रिक्षात बसते. त्यालाही तोड आहे. जन्मताच नाळेतलं रक्त घ्यायचं. भारतातल्या बालरोग-हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तोही पर्याय मान्य केलाय. नाळेच्या रक्तावरून बाकीचे बरेच आजार कळत नाहीत. पण थायरॉइड कळतं, आणि बाळंतीण पळाली तरी नमुना हातात राहतो. मुरूमसारख्या ठिकाणी मी डोळे झाकून हाच पर्याय निवडीन. बाळाला सुईसुद्धा टोचत नाही, त्यामुळे आजीचा विरोध नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मतः दिसणारे दोष, दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं, हृदयाचे आजार, बहिरेपण असे तीसेक प्रकार त्यात आहेत आणि शस्त्रक्रियेपर्यंतचा खर्च सरकार करतं. चांगला कार्यक्रम आहे, याच्यामुळे ऑपरेशन झालेली मुलं मला माहीत आहेत. पण जन्मजात हायपोथायरॉइडिझम त्या यादीत राज्यांच्या मर्जीवर सोडलेला होता. डोळ्यांना दिसणारं सगळं यादीत पक्कं आणि न दिसणारं ऐच्छिक, हे मला उलटं वाटतं. दिसणारं तर आईलाच दिसतं! पुढची तपासणी जिल्ह्याच्या केंद्रात, म्हणजे मुरूमहून नळदुर्ग-तुळजापूरमार्गे दीड-दोन तास. ओल्या बाळंतिणीला घेऊन एसटीने. धाराशिव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. एखाद्या जिल्ह्यात हा प्रयोग करून बघायचाच असेल तर याहून योग्य जागा कोणती?

शेजारी बघायचं तर गोवा सरकारने २००८ मध्येच खासगी प्रयोगशाळेला बरोबर घेऊन नवजात बाळांची भल्या मोठ्या यादीची तपासणी सुरू केली होती. पण गोवा केवढा, वर्षाला वीसेक हजार बाळं आणि कुठूनही बांबोळीचं मेडिकल कॉलेज हाकेवर. केरळने सरकारी दवाखान्यांत मोजके आजार घेऊन सुरुवात केली. मला केरळचा रस्ता आपला वाटतो. मोजके घ्या, पण शेवटपर्यंत न्या.

लांब याद्यांबद्दल माझी तक्रार काय ते सांगतो. कोणतीही चाचणी कधीतरी उगाच घंटा वाजवते. समजा एक चाचणी हजारात एकदाच चुकीची घंटा वाजवते, म्हणजे उत्तमच. अशा पन्नास चाचण्या एकदम केल्या तर शंभरातल्या जवळजवळ पाच बाळांच्या घरी निदान एक खोटी घंटा वाजणार. शहरातले आईबाप दोन रात्री जागतील, दुसरी चाचणी करतील, सुटतील. गावात त्या घंटेचा अर्थ 'लेकरात खोट आहे' असा होतो आणि ती कुजबूज पोरगी लग्नाची होईपर्यंत टिकते. त्यात ज्या आजाराला इथे उपचारच नाही त्याची घंटा वाजवून काय साधलं? विल्सन आणि युंगनर या जोडीने १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवलंय की उपचार हाताशी असेल तरच सरसकट तपासणी करा. हल्लीचं यंत्र एका थेंबात पन्नास आजार दाखवू शकतं म्हणून पन्नास विकायचे, हे फीचर आहे म्हणून फीचर ठेवण्यासारखं झालं.

२०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या बाळांच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी आपण सगळ्यांनी मेसेज पुढे पाठवले, पैसेही दिले. बरोबरच केलं, समोर दिसणाऱ्या बाळाला नाही म्हणता येत नाही. एक हिशेब मात्र तेव्हापासून डोक्यात आहे. थायरॉइडच्या एका चाचणीचा नमुन्यापासून फोनपर्यंतचा सगळा खर्च मी दोनशे रुपये धरतो. सोळा कोटींत आठ लाख बाळं तपासून होतात. ११३० ने भागा, सातशेच्या वर येतात. या सातशेंचा फोटो कुठेच फिरत नाही, कारण तपासणी झाली तर ती आजारी पडत नाहीत आणि नाही झाली तर ती आजारी आहेत हे कळत नाही. त्यांच्यासाठी वर्गणी निघणं शक्यच नाही, म्हणूनच हे काम सरकारचं.

आणखी दोन तपासण्या मी याच यादीत घालीन, थोडक्यात. एक, पल्स ऑक्सिमीटर. कोविडमध्ये घराघरांत आला तोच प्रकार, फक्त बाळाच्या मापाचा सेन्सर लागतो. उजव्या हाताला आणि पायाला लावून आकडा पंच्याण्णवच्या खाली किंवा दोन्हींत तीनाहून जास्त फरक दिसला तर हृदय तपासायचं. दोन, कानाची ओएई चाचणी. हजारात एक-दोन बाळं बहिरी जन्मतात, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू झाला तर बोलणं येतं. आपल्याकडे 'आमच्याकडं उशिराच बोलतात' म्हणत तिसरं वर्ष उजाडतं.

तर माझ्या मित्राला मी सांगितलं की थायरॉइड, कान आणि हृदय नक्की कर, बाकीचं तुझ्या डॉक्टरला एकेक आजाराचं नाव घेऊन विचार. यातला किती जणांना इथे उपचार मिळतो ते विचार. मामे-आते नात्यात लग्न असेल किंवा घरात आधी एखादं बाळ दगावलं असेल तर मात्र लांब यादीलाही अर्थ आहे, कारण बरेच चयापचयाचे आजार दोन्हीकडून आलेल्या जनुकांनी होतात, आणि मामाची मुलगी करणं आमच्या भागात आजही चालतं.

आणि गावी ज्यांची बहीण, वहिनी अवघडलेली आहे त्यांच्यासाठी. नववा महिना लागला की तिथल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, नाळेचं टीएसएच करता का? नाही म्हणाले तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान बाळाचं टीएसएच आणि टी-फोर उमरग्याला किंवा सोलापूरला करून घ्या, साध्या लॅबमध्ये होतं. नाळेचा रिपोर्ट वीसच्या वर आला तर घाबरू नका, पण बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्या. दर वाढलेला रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे, पक्की चाचणी व्हावी लागते. गोळी सुरू झाली तर चमच्यात ताजी चुरून द्या, आठवड्याची एकदम कालवून ठेवू नका, आणि दुधाच्या बाटलीत टाकू नका. बाळ अर्धी बाटली पितं आणि अर्धी गोळी तळाशी राहते.